तुझेच झाड का जगले

॥ श्री ॥

आखाडा बाळापूर, जि. हिंगोली
बुधवार, ३ ऑक्टोबर २००७

चि. विश्वजीत यास व्यंकटकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही उभयता इकडे बरे आहोत, म्हणजे माझे गुडघे, तुझ्या सुधाकाकूचा रक्तदाब आणि छपराचा पावसाळी कोपरा एवढे सोडले तर तक्रारीला जागा नाही. पितृपक्ष चालू आहे. सोमवारी तुझ्या आजोबांची तिथी झाली. (तीळ-पाणी सोडताना तुझ्या वतीनेही एक ओंजळ सोडली, कारण त्या वेळी तू मीटिंगमध्ये असणार हे मी धरूनच चाललो होतो.) तुझी प्रकृती कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. ताप, खोकला, जेवणावरची वासना, झोप, मोटारसायकलचा वेग, यांपैकी कशातही फरक पडला असेल तर तेवढे ताबडतोब कळव. का विचारतो ते पुढे येईल.

परवा तुझा फोन आला तेव्हा नेहमीप्रमाणे लाइट गेलेली होती आणि काकू मेणबत्ती शोधता शोधता मोठमोठ्याने बोलत होती, त्यामुळे मला अर्धेच ऐकू आले. जे ऐकू आले ते असे, की आपल्या तांड्याच्या उतारावर तुझ्या कंपनीने लावलेल्या तीनशे बारा झाडांपैकी एकच जगले, आणि ते तुझे निघाले. त्याबद्दल कंपनी तुला ‘हरित कर्मचारी’ असा मान देणार आहे, तुझा फोटो कंपनीच्या मासिकात येणार आहे, आणि तुझे झाड कसे जगले यावर स्थानिक समन्वयक या नात्याने मी चार ओळी लिहून पाठवाव्यात, त्यात शक्यतो ‘लोकसहभाग’ हा शब्द असावा. अभिनंदन. चार ओळी मी लगेच लिहायला घेतल्या. पण पहिल्याच ओळीत रूपाबाई आली आणि मग काही केल्या ते चार ओळींत मावेना.

ही रूपाबाई कोण असे तू विचारशील. तिचा फोटो तुझ्या ऑफिसातल्या टेबलावर आहे. तुझ्या गळ्यात पडून रडणारी, आरशांची कांचळी घातलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या असलेली जी बाई त्या फोटोत आहे (खाली ‘कृतज्ञ गावकरी’ असे छापले आहे) ती रूपाबाई. रतनसिंग नाईकाच्या तांड्यावर तिचे घर आहे. तिची मुलगी दिपा तुझ्या झाडाखाली आहे. हे मी अलंकारिक भाषेत बोलत नाही, खरोखरच खाली आहे, आणि रूपाबाईला ती जागा परत हवी आहे. सगळी हकिगत इतकीच. पण मी पस्तीस वर्षे भूगोल शिकवला आहे, आणि नकाशात जागा दाखवण्याआधी दिशा सांगायची सवय जात नाही.

मागच्या पौषात तुमच्या अनुश्री मॅडम जीपने बाळापुरात आल्या. कंपनी दहा मजल्यांवर काम करते आणि अकराव्या मजल्यावर जबाबदारी घेते, त्या अकराव्या मजल्याच्या त्या प्रमुख, असे तूच फोनवर सांगितले होतेस. बाई गोड बोलल्या. त्यांनी मला समजावले, की कंपनीचे संगणक गार ठेवायला रात्रंदिवस वीज लागते, तुम्ही पोरे महिन्याला विमानाने अमेरिकेला जाता, त्याचा जो धूर होतो तो कुठे तरी जिरवला पाहिजे, आणि म्हणून एक कर्मचारी, एक झाड. मी म्हटले, आमच्याकडे चौदा तास वीज नसते, धूर करायला आम्हाला साधने नाहीत, मग जिरवायचा आम्हीच का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर फार छान आहे.’ आणि मला हिरवी टोपी देऊन स्थानिक समन्वयक नेमले. टोपीवर कंपनीचे नाव होते, तुझी काकू हल्ली तिने चहाचे पातेले उतरवते.

जागेचा प्रश्न सरपंच माणिकरावांनी सोडवला. गायरान खरे तर मुबलक आहे, पण त्यावर माणिकरावांची हळद उभी आहे, आणि हळद मध्येच उपटता येत नाही. म्हणून त्यांनी तांड्याच्या खालचा उतार दाखवला. ‘पडीकच हाय मॅडम, कोनाचं काई न्हाई तिथं,’ असे ते म्हणाले. उतारावर ठिकठिकाणी दगडांचे लहान लहान ढीग होते. ते कशाचे असे मॅडमनी विचारले तेव्हा माणिकराव म्हणाले, ‘पोट्टे खेळून राहिले असतील.’ मी तिथेच उभा होतो. बाळापुरात इतकी वर्षे काढली, पण तांड्याचे मसण कुठे आहे हे मी कधी कुणाला विचारले नव्हते. आता ठाऊक झाले आहे ते सांगतो. तांड्यात लग्न झालेले माणूस गेले तर जाळतात. लग्न न झालेले, मग ते तान्हे असो की वीस वर्षांचे, ते पुरतात, आणि वरती दगड रचतात. दिपाला दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली. लग्न ठरलेले होते, कपडे आणायला जायचे होते. आठ दिवस आधी गेली, म्हणून पुरली. लग्न होऊन गेली असती तर जाळली असती आणि मग तुझे झाड कुणाच्याही उरावर आले नसते, असा विचार माझ्या मनात येतो आणि मग मी दुसरीकडे बघतो.

तांड्यात विचारायला त्या वेळी माणूस नव्हते. दसरा झाला की सगळा तांडा ऊसतोडीला जातो तो चैत्रात परततो. मागे राहते एकटी गोजरबाई, जिला दिसत नाही. ठेकेदाराची माणसे खड्डे घ्यायला लागली तेव्हा कुदळीचा आवाज ऐकून ती काठी टेकत उतारापर्यंत आली आणि हात वर करून तिच्या बोलीत ओरडू लागली. माणसे परप्रांतातली, त्यांना वाटले म्हातारी आशीर्वाद देते आहे. त्यांनी तिला मध्ये उभे करून फोटो काढला. (तोही तुमच्या अहवालात आहे, पान सहा, ‘तीन पिढ्यांचा पाठिंबा’. बाकीच्या दोन पिढ्या ऊस तोडत होत्या.) खड्डे दोन-दोन फुटांचे होते. मेलेले त्याहून खाली असतात, त्यामुळे कुदळीला काही लागले नाही. किंवा लागले असेल तर ठेकेदाराने ते कुणाला सांगितले नाही. ढिगांचे दगड मात्र त्याला फार आवडले. फुकटचे दगड! त्याने ते प्रत्येक रोपाभोवती गोल लावले आणि चुना फासला. वर प्रत्येक रोपाला लोखंडी पाटी, पाटीवर कर्मचाऱ्याचे नाव. हे सारे माघ महिन्यात झाले. आमच्याकडे माघात झाड लावणे म्हणजे त्याला फाशी देणे, हे मी मॅडमना सांगितले होते. त्या म्हणाल्या, ‘सर, खर्च मार्चच्या आत दाखवावा लागतो.’ मार्चमध्ये खर्च दाखवला आणि मार्चमध्येच रोपे वाळली. चैत्रात तांडा परतला तेव्हा उतारावर झाड असे काही दिसत नव्हते. चुन्याचे गोल, त्यात एकेक वाळकी काडी, आणि पाट्या.

आता माझा पराक्रम ऐक. तांडा आल्याचे कळताच मी टोपी घालून गेलो आणि लिंबाखाली सगळ्यांना बसवून भाषण केले. पृथ्वीचे तापमान, ध्रुवावरचा बर्फ, समुद्राची वाढती पातळी, एकही मुद्दा सोडला नाही. (समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे की तो वाढला तर पाण्याची सोय होईल असे कुणी तरी म्हणाले, त्याकडे मी दुर्लक्ष केले.) मग रतनसिंग नाईकाने अदबीने विचारले, ‘गुरुजी, त्या पाट्यांवर नावं कोनाची हायत?’ मी म्हटले, पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या मुलामुलींची. ‘किती वर्षांची हायत?’ मी म्हटले, बावीस, पंचवीस, फार तर अठ्ठावीस. बायकांमध्ये कुजबुज झाली. मग रूपाबाईने विचारले, ‘लग्न झाल्याली?’ मी म्हटले, छे, बहुतेक बिनलग्नाचीच, हुशार, घरंदाज मुले, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली. सगळ्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावला. मला वाटले, शिक्षणाचे महत्त्व पटले. तेवढ्यावर थांबायचे की नाही? पण मला चेव आला होता. मी त्यांना उतारावर नेले, मोठ्या काळ्या खडकाजवळच्या पाटीशी थांबलो आणि म्हणालो, ‘हे बघा, दोनशे चौदा नंबर, विश्वजीत. हा माझा सख्खा पुतण्या.’ आणि खरे सांगतो बाळा, अभिमानाने डोळे भरले ते मी टोपीने पुसले. रूपाबाई पुढे आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘सोसा, गुरुजी.’ मला वाटले, ऊन फार आहे म्हणून म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून तांड्यातल्या बायका पाट्यांना पाणी घालू लागल्या. टँकर एक दिवसाआड यायचा, घरटी मोजकेच पाणी मिळायचे, त्यातून घागर काढून बायका पहाटे उतारावर जायच्या. सगळ्यांनी पाट्या वाटून घेतल्या, प्रत्येक घराला दहा-बारा. वाळलेल्या काड्यांना खालून फूट आली. करंज हिरवे झाले, कडुनिंब हिरवे झाले, भर वैशाखात! मी मॅडमना कळवले, की माझ्या एका भाषणाने तांडा जागा झाला, बायका झाडांना लेकरे म्हणतात. आणि ते खोटे नव्हते. मी गेलो की रूपाबाई सांगायची, ‘तुमचं लेकरू माझ्या दिपाजवळ हाय गुरुजी, तुमी घोर करू नका. तिला घालते तसं त्यालाबी घालते.’ दिपा कोण हे मी विचारले नाही. मला वाटले, तिने शेजारच्या झाडाला हौसेने नाव ठेवले आहे. मॅडमनी ते वाक्य जसेच्या तसे मासिकात छापले आणि मला दुसरी टोपी पाठवली.

मग पाच जून आला, जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी तू इथे होतास, पण तुझ्यासमोर काय घडले ते तुला कळले नाही, म्हणून तुलाच सांगतो. तुमच्या दोन बस रस्त्यावर थांबल्या आणि तुम्ही हिरवे टी-शर्ट घालून उतरलात. तांड्याच्या बायका वाटेवर उभ्या होत्या. त्या धावत आल्या आणि एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडू लागल्या. त्यांच्यात दुखवट्याला आलेल्या माणसाला असेच भेटतात. गळ्यात पडायचे आणि गेलेल्याचे गुण गात रडायचे. त्यांना वाटले तुम्ही त्या मेलेल्यांचे भाऊ, बहिणी, मित्र आहात, चार महिन्यांनी का होईना, आपल्या माणसांना भेटायला आला आहात. रूपाबाई तुझ्या गळ्यात पडली आणि काय गात होती ते मी नंतर रतनसिंगाकडून समजून घेतले. ‘तुझा भाऊ माझ्या पोरीच्या उशाशी निजला आहे, मी त्याला उन्हाचे लागू दिले नाही, तुझ्या आईला सांग.’ तू तिच्या पाठीवर थोपटत होतास आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होतास. तुझ्यासोबतचा एक जण म्हणाला, ‘किती इमोशनल लोक आहेत यार.’ दुसऱ्याने सांगितले, की गावाकडे अजून माणुसकी आहे. फोटो चांगला आला आहे, त्यात वाद नाही.

नंतर तुम्ही उतारावर गेलात, आणि मॅडमनी यादी काढून एकेक नाव पुकारले. नाव आले की ज्याचे ते पोरगे ‘येस!’ म्हणून उडी मारत आपल्या पाटीशी जाऊन उभे राहायचे, टाळ्या व्हायच्या आणि बाटलीतले पाणी रोपावर ओतले जायचे. पहिल्या दहाबारा नावांपर्यंत बायकांना उलगडा होईना. मग तुझे नाव आले. तू काळ्या खडकाशी गेलास, एक पाय चुन्याच्या दगडावर ठेवलास आणि दोन बोटे वर केलीस. मी रूपाबाईकडे पाहत होतो. ती पाटीकडे बघत होती, मग तुझ्याकडे, मग परत पाटीकडे. रडणे कधी थांबले कळले नाही. रतनसिंग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘गुरुजी, हे समदे जिते हायत?’

मी म्हटले, ‘हो. म्हणजे काय? तुम्हाला काय वाटले?’

‘आमाला वाटलं, कंपनीत काई आग-बिग लागली. पुण्यात म्हणे जागेचे भाव लई वाढले, म्हणून इकडं आणून पुरले आसतील. दुखवट्यात खोदून काहून इचारावं, म्हणून इचारलं न्हाई.’ मग त्याने कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘बरं झालं. लेकरं वाचली.’ हे तो मनापासून म्हणाला, विश्वजीत. त्याच्या चेहऱ्यावर खरेच सुटल्यासारखे दिसत होते. आणि थोड्या वेळाने म्हणाला, ‘मंग आमच्या मेल्याच्या उरावर यांची नावं काहून गाडली?’ मी टोपी काढून खिशात घातली, त्याला उत्तर म्हणत असतील तर तेवढेच. तिकडे मिराबाईने, तिच्याकडे तुमच्या बारा पाट्या होत्या, भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि एक थेंब न सांडता घरी परत नेली. एकेक करून सगळ्याच गेल्या. तुम्ही लोक नाश्त्याला बसला होता, उपमा गार झाला म्हणून कुणी तरी माझ्याकडे तक्रारही केली.

पुढचे तुला ठाऊक आहे, फक्त कारण ठाऊक नव्हते. मृग कोरडा गेला, आर्द्रा अर्ध्या गेल्या, पाऊस आला नाही आणि पाणी घालणारे कुणी उरले नाही. वैशाखात जगलेली झाडे ज्येष्ठात मेली. तुमच्या विभागाने तातडीने उपाय केला, म्हणजे मेलेल्या झाडांभोवती काटेरी तारेचे कुंपण घातले आणि दारावर कुलूप लावले. किल्ली नांदेडच्या कुठल्याशा सुरक्षा कंपनीकडे असते. श्रावणात मिराबाईचे चार महिन्यांचे लेकरू गेले. माणसे ते फडक्यात गुंडाळून कुंपणापर्यंत घेऊन आली. मी नांदेडला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, की आत जाण्याचे कारण काय लिहायचे? मी कारण सांगितले. ते म्हणाले, यादीत तसे कारण नाही, साहेबांना विचारून सांगतो. संध्याकाळ झाली, पाऊस भुरभुरू लागला, तेव्हा ते लेकरू नाल्याच्या काठाला पुरले. दोन दिवसांनी नाल्याला पूर आला. त्यानंतरचे मी लिहीत नाही. मी मॅडमना तीन पत्रे टाकली, की हे मसण आहे, लोकांना परत द्या. उत्तर आले, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ जागा पंधरा वर्षांसाठी हिशेबात धरलेली आहे, तेवढा धूर तिथे जिरायचा आहे, असेही त्यात लिहिले होते.

आता तुझे झाड का जगले ते. रूपाबाई थांबली नाही. कुंपणाची खालची तार एके ठिकाणी सैल आहे, तिथून ती आधी कळशी आत सरकवते, मग आडवी होऊन स्वतः जाते. दिपाचे दगड तुझ्या झाडाभोवती चुना लावून बसलेले आहेत, आणि दिपाला पाणी घालायचे तर ते तुझ्याच मुळाशी पडते, दुसरा उपाय नाही. तेव्हा मासिकासाठी तुला स्पष्ट लिहायचे असेल तर असे लिही, की हे झाड कुणीही जगवलेले नाही. पाणी तुझ्यासाठी नव्हतेच. एक आई आपल्या मेलेल्या मुलीला पाणी पाजते, आणि तू मध्ये उभा आहेस, म्हणून तू हिरवा आहेस.

हे वाचून तुला राग आला तर येऊ दे, मलाही आलेला आहे. तुझ्यावर आहे की स्वतःवर हे अजून ठरत नाही. वहिनींना साष्टांग नमस्कार, दादाला तब्येत सांभाळायला सांग. काकू आशीर्वाद सांगते.

तुझा
व्यंकटकाका

ता. क. – काकूने कुरुंद्याची हळद दळून ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते. माणिकरावांच्या गायरानातली नाही, खात्री करून घेतली आहे.

ता. क. दुसरा – तू मागितलेल्या चार ओळी सोबतच्या कागदावर आहेत. ‘लोकसहभाग’ दोनदा घातला आहे. बक्षीस घे. सगळे लोक घेतात.

ता. क. तिसरा, शुक्रवार सकाळ – पत्र बंद करणार होतो, पण वाटले की चार ओळींत बाईचे नाव घालतो आहोत तर एकदा तिला विचारावे. काल तांड्यावर जाऊन आलो आणि वरचे सगळे लिहिलेले एका जागी चुकले. खाडाखोड करत नाही, इथेच सांगतो. मी तिला म्हटले, दिपाला पाणी घालतेस ते बरोबरच आहे, पण पाऊस झाला, आता तरी रोज त्या तारेखालून काहून जातेस? ती म्हणाली, ‘दिपाला एक तांब्या लई झाला, गुरुजी. ती गेलेली हाय, तिला आता कशाची घाई. बाकीची कळशी तुमच्या पुतन्याला घालते.’

मी म्हटले, ‘अगं, तो जिवंत आहे!’

‘म्हणूनच घालते. जित्या माणसाचं नाव मसणात ठिवलं, तर त्याचा जीव तिकडंच वढत ऱ्हातो. त्या दिवशी गळ्यात घेतला तवा कळलं, लई वाळकं हाय पोरगं. त्याच्या आईला तर ठावंच न्हाई, त्याचं नाव कुठं गाडलं ते. मंग कोन घालावं?’ बाकीच्या बायकांना तिने सांगून पाहिले होते. त्या रागात होत्या, आणि रागावायला त्यांना कारण होते. तीनशे बारा जणांना एकटीने पाणी घालणे तिला जमत नाही, म्हणून तिच्या पोरीजवळचा तेवढा एक तिने धरला. पाटी मी काढून टाकतो म्हटले तर तिने माझा हात धरला. दुसऱ्याने काढायची नाही, ज्याचे नाव त्यानेच येऊन काढायची आणि मागे न बघता घेऊन जायची. झाड राहू दे, ते दिपाला सावलीला होईल, एवढेच तिचे मागणे आहे. जागा परत मागायची तिने सोडली आहे.

दसरा झाला की तांडा ऊसतोडीला निघेल. ‘मंग पाणी कोन घालंल?’ असे तिने मला तीनदा विचारले. मी घालतो म्हणालो. मी भूगोलाचा मास्तर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. (सोमवारी ज्यांच्या नावाने तीळ-पाणी सोडले, त्यांनी ते घेतले की नाही हे मी अजून तपासलेले नाही, ही गोष्ट वेगळी.) आज पहाटे काकूने न बोलता हातात कळशी दिली आणि मी गेलो. तारेखालून वाकायला गेलो तर गुडघ्यांनी नकार दिला. बाहेरून पाणी फेकून बघितले, ते खडकापर्यंतही पोचले नाही. मग रिकामी कळशी घेऊन घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

पहिल्या परिच्छेदात तब्येत विचारली ती तुझे नाव मसणावर लागले आहे म्हणून; तेव्हा कारण लिहायची लाज वाटली, आता ते रूपाबाईनेच सांगितले. दसरा एकवीस तारखेला आहे. त्याच्या आत ये, कंपनीला कारण काय सांगायचे ते सांग, आणि आपले नाव घेऊन जा. पक्कड आणायची गरज नाही, पाटी नुसत्या तारेने बांधलेली आहे.